बोटीचं इंजिन बदलायचं ठरलं, पण मागची फळी ते पेलणार का?

लहान बोटीचं जुनं इंजिन काढून नवीन लावायचं, एवढं ऐकलं की काम सोपं वाटतं. चार बोल्ट सोडवायचे, नवीन इंजिन उचलून ठेवायचं, पुन्हा चार बोल्ट आवळायचे. झालं!

प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसं होत नाही. नवीन इंजिन जास्त जड निघतं किंवा त्याचा दांडा जुन्यापेक्षा लांब असतो. बोल्टसाठी भोक पाडायला घ्यावं तर आतून ओला, काळपट भुसा बाहेर येतो. मग लक्षात येतं की इंजिनाचे पैसे जमवले, पण ते ज्या फळीवर लटकणार तिचा विचारच केला नव्हता.

रॉकेलचं अनुदान संपलं, टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक इंजिनं येऊ लागली आणि इलेक्ट्रिक मोटरची चर्चाही सुरू झाली. त्यामुळे हा प्रश्न आता एकट्यादुकट्या बोटमालकाचा उरलेला नाही. म्हणूनच ही मागची फळी नीट समजून घ्यायला हवी.

ट्रान्सम म्हणजे नेमकं काय?

बोटीच्या पाठीमागे जी उभी सपाट भिंत असते, तिला ट्रान्सम म्हणतात. बोटीच्या बाहेरच्या बाजूला मागे लटकणारं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर किंवा किनाऱ्यावरच्या भाषेत ‘ओबीएम’, याच फळीवर बसतं.

आजच्या फायबरच्या होड्यांमध्ये ही फळी बाहेरून गुळगुळीत दिसते. आत मात्र बहुधा प्लायवूड असतं. प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर चढवलेले असतात. वरचं फायबर पाणी अडवतं आणि आतलं लाकूड जाडी आणि ताठपणा देतं. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील, तोवरच ही फळी मजबूत असते.

इंजिनाचं सगळं वजन या फळीवर येतं. शिवाय बोट पुढे ढकलणारा सगळा जोरही याच फळीतून बोटीला मिळतो. लाटेवर बोट आपटते तेव्हा मागे लटकलेलं इंजिन फळीला प्रत्येक वेळी हिसका देतं. बोटीच्या दुसऱ्या कुठल्याही भागावर एवढ्याशा जागेत इतका ताण क्वचितच येत असेल.

हा प्रश्न आत्ताच का आला?

सुरुवात केरळपासून करू. तिथल्या हजारो पारंपरिक बोटी वर्षानुवर्षं रॉकेलवर चालणारी टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं वापरत आल्या. ही इंजिनं पेट्रोलवर सुरू करायची आणि गरम झाली की रॉकेलवर टाकायची, अशी पद्धत. रॉकेल स्वस्त होतं, तोवर हे गणित जमत होतं.

२०१६ पासून केंद्र सरकारने रॉकेलचे दर थोडे थोडे वाढवत अनुदान कमी करत नेलं. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या अनुदानासाठी तरतूदच नव्हती. २०२२ मध्ये केरळच्या मच्छीमारांना खुल्या दराने मिळणारं रॉकेल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेलं. राज्य सरकार ‘मत्स्यफेड’ या सहकारी संस्थेमार्फत लिटरमागे २५ रुपयांची मदत देत होतं, पण दरवाढीपुढे ती तोकडी पडली. मग २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात केरळने रॉकेलची इंजिनं टप्प्याटप्प्याने पेट्रोल आणि डिझेलवर नेण्यासाठी पैसे राखून ठेवले.

इंधन बदलायचं म्हणजे बहुतेक वेळा इंजिनच बदलायचं. आणि नवीन इंजिन घ्यायचं तर फोर-स्ट्रोकचा विचार होतो. कारण साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात बरंचसं इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडतं. त्याचं प्रमाण साधारण २० ते ३० टक्के धरलं जातं. फोर-स्ट्रोक कमी पितं, आवाज कमी करतं आणि त्यात इंधनात ऑइल मिसळावं लागत नाही.

महाराष्ट्रातही चित्र फार वेगळं नाही. सिंधुदुर्गात छोट्या फायबर होड्यांतून जाळी टाकणारे मच्छीमार आणि तारकर्ली-देवबागला पर्यटकांना फिरवणारे बोटवाले, दोघांकडेही आउटबोर्ड इंजिनं आहेत. इंधनाचा खर्च दोघांनाही जाचतो.

वजनात किती फरक पडतो?

४० अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं वजन साधारण ७० ते ८० किलो असतं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ९५ ते ११० किलोच्या घरात जातं. त्यात बटण स्टार्ट असेल तर बॅटरी आली. म्हणजे बोटीच्या शेपटाकडे ३० ते ५० किलोचा जादा भार कायमचा बसला.

लहान इंजिनांत फरक कमी वाटतो, पण तो खांद्याला कळतो. आठ-दहा अश्वशक्तीचं जुनं इंजिन एकटा माणूस खांद्यावर टाकून घरी नेऊ शकतो. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ४० किलोच्या आसपास गेलं की दुसरा हात लागतो. वाळूवर होडी ओढून ठेवणाऱ्यांसाठी हा रोजचा प्रश्न आहे.

पाण्यात याचा परिणाम काय? बोटीचं शेपूट खाली बसतं. पाण्याची पातळी आणि ट्रान्समची वरची कड यांच्यातलं अंतर कमी होतं. बोट उभी असताना किंवा अचानक वेग कमी केल्यावर मागून आलेली लाट त्याच कडेवरून आत शिरते. जाळं ओढताना माणसंही मागे उभी असतील, तर उरलेलं अंतर आणखी घटतं. आत आलेलं पाणी मागेच साठतं, शेपूट आणखी खाली जातं आणि पुढच्या लाटेचं काम सोपं होतं. लहान बोट पाण्याने भरून बुडण्याचा हा ठरलेला मार्ग आहे.

१५ इंच की २० इंच?

वजनानंतरचा दुसरा मुद्दा म्हणजे दांड्याची लांबी. आउटबोर्ड इंजिनं साधारण तीन मापांत येतात. शॉर्ट शाफ्ट १५ इंच, लाँग शाफ्ट २० इंच आणि एक्स्ट्रा लाँग २५ इंच. ही मापं ट्रान्समच्या उंचीशी जुळावी लागतात.

जुळलं की नाही, हे कसं ओळखायचं? प्रोपेलरच्या वर इंजिनाला एक आडवी सपाट पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याच्या किंचित, म्हणजे इंचभर खाली असावी, हा साधा नियम आहे.

पट्टी फार वर राहिली तर प्रोपेलर पृष्ठभागावरची हवा ओढतो. इंजिन किंचाळतं, पण बोट पुढे सरकत नाही. वळताना तर हमखास. इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचण्याची जाळीही पाण्याबाहेर येऊ शकते आणि इंजिन तापतं. पट्टी फार खाली गेली तर दांडा पाणी कापत राहतो, मागे फवारा उडतो, इंधन जास्त जातं आणि उथळ खाडीत प्रोपेलर तळाला लागतो.

म्हणजे चुकीच्या उंचीवर बसवलेलं चांगलं इंजिनही वाईटच चालतं. ज्या बचतीसाठी ते घेतलं, ती बचत तिथेच जिरते.

फळी कापायची की वाढवायची?

माप जुळत नसेल तर दोनच सरळ वाटा उरतात. ट्रान्सम उंच असेल आणि दांडा आखूड, तर फळी मधोमध कापून खाच करायची. ट्रान्सम बुटका असेल आणि दांडा लांब, तर फळी वाढवायची.

कापणं सोपं दिसतं, पण त्यातच जास्त धोका आहे. ती खाच म्हणजे समुद्रासाठी उघडा दरवाजा. म्हणून खाच केली तर तिच्या आतल्या बाजूला एक आडवी भिंत आणि मागे पाणी सोडणारी पन्हळ करावी लागते. लाट आत आली तरी तिथेच अडून परत बाहेर जावी, यासाठी ही सोय. शिवाय कापलेल्या कडेला प्लायवूड उघडं पडतं. ते रेझिनने नीट बंद केलं नाही तर कुजायला तिथूनच सुरुवात होते.

वाढवताना गंमत वेगळी आहे. प्रोपेलर खाली पाण्यात पुढे ढकलतो, तेव्हा इंजिनाचा ब्रॅकेट खालच्या बाजूने फळीला आत दाबतो आणि वरच्या बाजूने फळीला मागे ओढतो. पहारीने दगड उचटतात, तसंच हे. पहार जितकी लांब, तितका जोर जास्त.

१५ इंची इंजिनात फळीच्या कडेपासून प्रोपेलरच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण ५५ सेंटिमीटर धरू. २० इंचीमध्ये ते ६८ सेंटिमीटरच्या आसपास जातं. इंजिनाची ताकद तीच राहिली तरी फळीला पिळणारा जोर जवळपास एक चतुर्थांशाने वाढतो. त्यात अश्वशक्तीही वाढवली तर हिशेब आणखी बिघडतो.

म्हणूनच जुन्या फळीच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा स्क्रूने बसवणं हा उपाय ठरत नाही. सगळा पीळ नेमका त्या सांध्यावर येतो. वाढवलेला भाग जुन्या फळीच्या आतून खालपर्यंत एकसंध जायला हवा. आणि फळीच्या आतल्या बाजूला त्रिकोणी आधार देऊन तो ताण बोटीच्या तळाकडे आणि दोन्ही कुशींकडे वाटून द्यायला हवा.

आतून कुजलेली फळी कशी ओळखायची?

सगळ्यात फसवी गोष्ट हीच. बाहेरचं फायबर चकचकीत आणि आतला प्लायवूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, असं होऊ शकतं. कारण बहुतेक वेळा साधंच असतं. कधीतरी एखादा स्क्रू मारलेला असतो आणि त्याचं भोक तसंच उघडं राहिलेलं असतं. तिथून पाणी वर्षानुवर्षं आत झिरपतं.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. इंजिन लावलेलं असताना ते वर उचलून लॉक करायचं आणि खालचा भाग धरून हलकेच वर-खाली दाबायचं. फळी हलताना दिसली किंवा ती जिथे बोटीच्या कुशीला मिळते त्या कोपऱ्यात भेग उघडताना दिसली, तर फळी गेली असं समजावं.

दुसरी चाचणी आवाजाची. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फळीवर सगळीकडे ठोकत जायचं. चांगल्या भागातून टणक आवाज येतो, कुजलेल्या भागातून बसका. तिसरी खूण बोल्टपाशी दिसते. तिथून तपकिरी पाणी झिरपत असेल किंवा बोल्टचं वॉशर फायबरमध्ये रुतलेलं असेल, तर आत लाकूड मऊ झालेलं आहे.

शंका उरलीच तर आतल्या बाजूने खालच्या भागात एक छोटं भोक पाडून भुसा बघायचा. कोरडा, फिकट आणि लाकडाचा वास येणारा भुसा म्हणजे सगळं ठीक. ओला, काळा, कुबट वासाचा भुसा म्हणजे नवीन इंजिनाचा विचार तूर्त बाजूला ठेवायचा. चाचणीचं भोक मात्र लगेच बुजवायचं. नाहीतर तपासणीच आजाराचं कारण ठरते.

दुरुस्तीत नेमकं काय करतात?

आतल्या बाजूचं फायबर कापून काढतात, कुजलेलं लाकूड खरवडतात आणि नवीन प्लायवूड बसवतात. इथे साधं प्लायवूड चालत नाही. आयएस ७१० हे भारतीय मानक असलेलं मरीन प्लायवूड लागतं. दोन-तीन थर रेझिनने एकमेकांना चिकटवून हवी ती जाडी आणतात. बहुतेक लहान मोटरींचे क्लॅम्प साधारण दीड ते सव्वादोन इंच जाडीसाठी बनवलेले असतात. त्यामुळे ‘जितकं जाड तितकं मजबूत’ हे इथे लागू पडत नाही. नवीन इंजिनाच्या पुस्तिकेतलं माप आधी बघावं लागतं.

रेझिनचाही एक नियम आहे. इपॉक्सी जुन्या पॉलिस्टरवर चांगलं धरतं, पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. एका कारागिराने इपॉक्सी वापरलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने वरून पॉलिस्टर चढवलं, तर तो थर सुटू शकतो. म्हणून कोणतं रेझिन वापरलं, ते लिहून ठेवणं फायद्याचं.

शेवटी बोल्ट. जुनी भोकं पूर्ण बुजवून नवीन पाडायची. प्रत्येक भोक थोडं मोठं पाडून आतून इपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचं भोक काढायचं. म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, आतल्या बाजूला रुंद पट्टी आणि सगळीकडे सागरी वापराचं सीलंट. खर्च थोडा वाढतो, पण आयुष्य अनेक वर्षांनी वाढतं.

पावसाळ्याचा पेच

हे सगळं करायचं कधी? महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं मोकळी असतात. दुरुस्तीला हाच काळ हाताशी येतो.

पण कोकणातला जून-जुलै म्हणजे हवेत पाणीच पाणी. भिजलेलं लाकूड वाळत नाही. दमट हवेत आणि ओल्या पृष्ठभागावर रेझिन नीट धरत नाही. घाईने ओल्या फळीवर फायबर चढवलं तर पाणी आत कायमचं कोंडलं जातं आणि दोन वर्षांत फळी पुन्हा कुजते. म्हणजे ज्या महिन्यांत वेळ असतो, तेव्हा हवामान नसतं. हवामान असतं तेव्हा मासळी असते.

केरळमध्ये अडचण उलटी आहे. तिथली ५२ दिवसांची पावसाळी बंदी ट्रॉलरना लागू होते, पारंपरिक बोटींना नाही. उलट तेच दिवस आउटबोर्डवाल्या बोटींच्या कमाईचे. त्यांना बोट आठ-पंधरा दिवस उभी ठेवायची तर ऐन हंगामाची रोजी बुडवावी लागते.

त्यामुळे काम बंदिस्त, कोरड्या शेडमध्ये करणं किंवा मे महिन्यातच उरकणं, हे दोन पर्याय उरतात. शेड सगळ्यांना परवडत नाही. आणि मे हा सिंधुदुर्गातल्या पर्यटन बोटवाल्यांचा सगळ्यात गर्दीचा महिना.

कागदावर काय बदलतं?

बोटीच्या नोंदणीत इंजिनाची कंपनी, क्रमांक आणि अश्वशक्ती लिहिलेली असते. इंजिन बदललं की ही माहितीही बदलून घ्यावी लागते. मासेमारी बोटींची नोंदणी आणि परवाने ‘रिअलक्राफ्ट’ या ऑनलाइन प्रणालीत होतात. महाराष्ट्रात प्रवासी बोटींचं काम सागरी मंडळाकडे आहे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे.

हा कागद टाळण्याचा मोह होतो. पण अपघात झाला आणि विमा कंपनीच्या कागदावर एक इंजिन, बोटीवर दुसरं असं निघालं, तर दावा अडकू शकतो. ट्रान्सम कापली किंवा वाढवली असेल तर तीही कळवलेली बरी.

अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान मोटरबोटींवर किती अश्वशक्ती आणि किती वजन चालेल, हे सांगणारी पाटी १९७० च्या दशकापासून सक्तीची आहे. आपल्याकडे गावातल्या कारागिराने बांधलेल्या होडीवर अशी पाटी सहसा दिसत नाही. मग मर्यादा ठरवतो तो अनुभव, आणि अनुभव जुन्या, हलक्या इंजिनाचा असतो.

इलेक्ट्रिक मोटर लावली तर प्रश्न सुटेल?

अर्धा सुटेल. इलेक्ट्रिक आउटबोर्ड तुलनेने हलकी असू शकते, आणि बॅटरी बोटीच्या मध्यावर ठेवता येते. मागच्या फळीला त्यामुळे आराम मिळतो. पण बॅटरी खूप जड असते. दिवसभर खोल पाण्यात जायचं तर शेकडो किलोंचा प्रश्न येतो.

केरळमध्ये वैक्कमची ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट २०१७ पासून धावते आणि कोची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. या दोन्ही यशस्वी उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. बोटी नव्याने, मोटर आणि बॅटरीचं वजन आधीच धरून बांधल्या गेल्या. जुन्या बोटीला नवीन मोटर लावून हे यश मिळालेलं नाही.

पाण्यात उतरण्याआधी

इंजिन बसल्यावर पहिली चाचणी किनाऱ्याजवळ, शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधून करावी. बोट रोजच्याएवढी भरून उभी ठेवायची आणि मागची कड पाण्यापासून किती वर आहे ते मोजायचं. कमी वाटली तर इंधनाची टाकी, बॅटरी आणि बर्फाची पेटी पुढे सरकवायची. मग पूर्ण वेग, दोन्हीकडे वळणं, रिव्हर्स. इंजिनातून थंड करणाऱ्या पाण्याची धार सतत येते का, ते बघायचं. परत आल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे आणि फळीचे कोपरे तपासायचे.

मग बिल कुणाचं?

रॉकेल बंद करा, धूर कमी करा, इंधन वाचवा, हे सगळं योग्यच आहे. पण या बदलाची चर्चा होते ती इंजिनाची किंमत आणि त्यावरचं अनुदान यावर. फळी नव्याने बांधण्याचा खर्च, त्यासाठी बुडालेले कमाईचे दिवस आणि कोरड्या शेडची सोय या गोष्टी हिशेबात क्वचितच धरल्या जातात. त्या धरल्या नाहीत तर बोटमालक स्वाभाविकपणे तिथेच काटकसर करतो. वर ठोकळा ठोकतो, ओल्या लाकडावर फायबर चढवतो आणि समुद्रात जातो.

उपाय फार अवघड नाही. इंजिनाला मदत देण्याआधी बोटीची फळी तपासणं, तिच्या दुरुस्तीचा खर्च त्याच मदतीत धरणं आणि मोठ्या बंदरांवर पावसाळ्यात वापरता येईल अशी एखादी छप्पर असलेली जागा देणं, इतकं केलं तरी बराच फरक पडेल. नवीन इंजिन कितीही चांगलं असलं तरी ते सव्वादोन इंची फळीवरच लटकणार आहे. तिच्या आत काय आहे, ते इंजिन विकत घेण्याआधी बघितलेलं बरं.